ग्राफ खोटं बोलतोय की लाइन? नेटवर्क ट्रॅफिकच्या ग्राफमधला घोळ शोधायची पायरीवार पद्धत

संध्याकाळचे आठ वाजले की नाशिकच्या सिडकोतल्या घराघरांत टीव्ही आणि मोबाइल सुरू होतात. नेमक्या त्याच वेळी आमच्या मुख्य लाइनचा ग्राफ धाडकन खाली यायचा. दिवसभर ८०-९० एमबीपीएस, आणि आठला थेट पाच-सहा. केबल इंटरनेटच्या त्या छोट्या ऑफिसात मी नवा होतो. लाइन पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावून मी तासभर भांडलो. पलीकडचा माणूस शांतपणे सांगत होता, "सर, आमच्याकडे १२० दिसतंय." मला तो थापा मारतोय असं वाटलं. चूक माझी होती, आणि ती सापडायला मला तीन दिवस लागले. ज्यांना हे काम नुकतंच मिळालंय, मग ते सातपूर-अंबडच्या कारखान्यात असो, कॉलेजात असो की केबलवाल्याकडे, त्यांचे ते तीन दिवस वाचावेत म्हणून हे लिहितोय.

एमआरटीजी, कॅक्टाय (दोन्ही ट्रॅफिकचे ग्राफ काढणारी सॉफ्टवेअर) किंवा आरआरडीटूलवर (आकडे फाइलमध्ये साठवून ग्राफ काढणारं साधन) चालणारं काहीही वापरत असाल, तरी पायऱ्या याच. आज्ञांची आणि सेटिंगची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये करायची.

आधी हाताशी काय हवं

- ज्या यंत्राचा ग्राफ आहे त्याचा आयपी पत्ता आणि एसएनएमपीची (यंत्राकडून आकडे मागवायची पद्धत) कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे तिचा पासवर्डच. फक्त वाचायची परवानगी असलेली पुरते, आणि तीच मागा.
- नेट-एसएनएमपीची साधनं टाकलेला लिनक्स सर्व्हर. शक्यतो ग्राफ काढणारा सर्व्हरच घ्या, कारण लॅपटॉपवरून चाललं म्हणजे सर्व्हरवरूनही चालतं असं नसतं.
- त्या सर्व्हरवर ज्या वापरकर्त्याच्या नावाने पोलर (ठरावीक वेळाने रीडिंग घेणारा प्रोग्राम) चालतो, त्याचं लॉगिन.
- लाइनचा करार किंवा ऑर्डरचा कागद, ज्यावर किती एमबीपीएस ते लिहिलेलं असतं. हा बहुतेक वेळा अकाउंट्सच्या फायलीत सापडतो.
- कोणत्या पोर्टला काय जोडलंय याचा तक्ता. तो नसेल तर आजच करा. वहीत केला तरी चालेल.
- कॅल्क्युलेटर. चेष्टा करत नाही, खरंच लागतो.

१. ग्राफ कशाचा असतो ते आधी समजून घ्या

पावसाळ्यात नाशिककर पुराची दोन मापं बोलतात. एक, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कंबरेला पाणी लागलं की छातीला. दुसरं, गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे. पहिली पातळी आहे, या क्षणाला जे दिसतं ते. दुसरा वेग आहे.

राउटर यातलं काहीच सांगत नाही. त्याच्याकडे असतो घरच्या पाण्याच्या मीटरसारखा आकडा: यंत्र चालू झाल्यापासून या पोर्टमधून एकूण किती बाइट गेले. यालाच काउंटर म्हणायचं. पोलर दर पाच मिनिटांनी येऊन रीडिंग घेतो, मागचं रीडिंग वजा करतो, मधल्या सेकंदांनी भागतो. जो वेग निघतो तो ग्राफवर येतो.

आरआरडीटूलला प्रत्येक आकड्याचा प्रकार सांगावा लागतो. दुतोंड्या मारुतीसारख्या पातळीला 'गेज' (तापमान, सीपीयूचा वापर वगैरे), मीटरसारख्या आकड्याला 'काउंटर' किंवा 'डिराइव्ह'. कोणी चुकून ट्रॅफिकला गेज लावलं तर ग्राफ जिन्यासारखा नुसता वर चढत जातो. असं दिसलं की पुढचं काही वाचू नका, प्रकार बदला.

२. रोग कोणता ते ठरवा

"ग्राफ चुकतोय" म्हणणं म्हणजे डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखं आहे. तक्रार यांपैकी कोणती ते पाहा.

- ग्राफ कोरा आहे, आकड्यांच्या जागी 'नॅन' दिसतंय: पायरी ३, मग ६.
- मध्येच तुटलाय: पायरी ६.
- वरून कापल्यासारखा सपाट आहे, किंवा गर्दीच्या वेळी खाली येतो: पायरी ४.
- एकच सुळका आभाळाला टेकलाय आणि बाकी सगळं जमिनीला चिकटलंय: पायरी ५.
- रेघ छान आहे, पण दुसऱ्याच पोर्टची वाटते: पायरी ७.
- रेघ बरोबर, आकडा पटत नाही: पायरी ८.

३. ग्राफ बाजूला ठेवा, यंत्रालाच विचारा

सगळ्या लेखातून एकच पायरी घ्यायची असेल तर ही घ्या. नवी मंडळी तासन् तास सॉफ्टवेअरच्या पानांवर टिचक्या मारत बसतात. त्याआधी हाताने रीडिंग घ्या.

सर्व्हरवरून 'एसएनएमपीवॉक' चालवा, आवृत्ती '२सी' द्या आणि १.३.६.१.२.१.२.२.१.२ हा पत्ता (यंत्रातल्या माहितीच्या तक्त्याचा क्रमांक) मागा. पोर्टांची नावं त्यांच्या क्रमांकांसह येतील. हवा तो क्रमांक टिपून घ्या. मग 'एसएनएमपीगेट'ने १.३.६.१.२.१.२.२.१.१० च्या पुढे टिंब आणि तो क्रमांक लावून विचारा. हे आत आलेले बाइट. शेवटच्या १० च्या जागी १६ घातलं की बाहेर गेलेले.

उत्तर न येता 'टाइमआउट' आलं तर ग्राफचा काही दोष नाही, संवादच होत नाहीये. पिंग चालतंय म्हणून एसएनएमपी चालेल असं समजू नका. त्याला यूडीपीचा १६१ पोर्ट लागतो आणि फायरवॉल तो अडवू शकते. राउटरमध्येही 'फक्त याच आयपीला उत्तर द्या' अशी यादी असू शकते. सर्व्हर बदलला, आयपी बदलला, यादी जुनीच राहिली, हे मी अनेकदा पाहिलंय.

आणखी एक सापळा. कम्युनिटी स्ट्रिंग चुकली तर यंत्र 'पासवर्ड चुकला' असं सांगत नाही, नुसतं गप्प बसतं. त्यामुळे चुकीची स्ट्रिंग आणि बंद फायरवॉल बाहेरून अगदी सारखी दिसतात. स्ट्रिंग कॉपी-पेस्ट करताना शेवटी आलेली मोकळी जागा तपासा. लहान-मोठी अक्षरंही वेगळी धरली जातात.

लिनक्स मशीनचाच ग्राफ काढत असाल तर: डेबियन-उबुंटूवर एसएनएमपी सेवा टाकल्याटाकल्या फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःपुरतीच, ऐकते. ती बाहेरच्यांसाठी उघडली तरी सुरुवातीच्या सेटिंगमध्ये सिस्टीमची जुजबी माहिती दिसते, पोर्टांची नाही. मशीनचं नाव येतंय पण काउंटर येत नाहीत, अशी विचित्र अवस्था झाली तर कारण बहुधा हेच.

उत्तर आलं की बरोबर ६० सेकंदांनी पुन्हा विचारा. समजा पहिलं रीडिंग ३,८१,२४,५०,११६ आणि दुसरं ४,१८,७४,५०,११६. फरक ३७,५०,००,००० बाइट. ६० ने भागा, ६२,५०,००० बाइट दर सेकंदाला. ८ ने गुणा, ५ कोटी बिट, म्हणजे ५० एमबीपीएस. आता ग्राफकडे बघा. तिथेही साधारण ५० असेल तर ग्राफ खरा आहे आणि तक्रार लाइनची आहे. तिथे भलतंच काही असेल तर घोळ सर्व्हरच्या बाजूला, आणि फोन उचलायची अजून गरज नाही.

मी हे पहिल्या संध्याकाळी केलं असतं तर त्या माणसाशी भांडलो नसतो.

४. उलटणारा काउंटर: ३२ बिटांचा सापळा

जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर यायचा. राउटरचा जुना काउंटर ३२ बिटांचा असतो, तो ४,२९,४९,६७,२९५ नंतर शून्यावर येतो. एकदा उलटला तर सॉफ्टवेअर सांभाळून घेतं: नवं रीडिंग जुन्याहून लहान दिसलं की ते एक पूर्ण फेरी मिळवून हिशेब करतं. पण दोन रीडिंगच्या मध्ये काउंटर उलटून पुन्हा जुन्या रीडिंगला ओलांडून पुढे गेला, तर सॉफ्टवेअरला कळायला मार्गच नाही. ती फेरी हिशेबातून गायब.

किती वेळात उलटतो? १०० एमबीपीएस अखंड चालले तर सुमारे ३४४ सेकंदांत. १ जीबीपीएसला ३४ सेकंद, १० जीबीपीएसला साडेतीन सेकंदांच्या आत. आणि आपण रीडिंग घेतो ३०० सेकंदांनी.

एका फेरीचे बाइट ८ ने गुणून ३०० ने भागलं की ११४.५ येतात. म्हणजे पाच मिनिटांच्या पोलिंगला ३२ बिटांचा काउंटर जास्तीत जास्त ११४.५ एमबीपीएस दाखवू शकतो. त्याच्या वर गेलात की प्रत्येक फेरीचे ११४.५ वजा होतात. खरे २०० चालू असतील तर ग्राफ ८५ दाखवेल. आणि खरे १२० असतील तर?

साडेपाच.

आठ वाजता आमचा ग्राफ का कोसळायचा ते आता कळलं असेल. लोक नेट वापरायला लागायचे, ट्रॅफिक ११४ ची रेघ ओलांडायचा आणि ग्राफ तळाला जायचा. पलीकडच्या माणसाचे १२० आणि माझे साडेपाच, दोन्ही आकडे आपापल्या जागी 'बरोबर' होते.

उपाय: ६४ बिटांचे काउंटर वापरा. आत येणाऱ्यासाठी १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६, बाहेर जाणाऱ्यासाठी त्याच मालिकेत शेवटी १०. आधी एसएनएमपीगेटने हाताने विचारून बघा. 'असा पत्ताच नाही' असं उत्तर आलं तर दोन शक्यता आहेत. एक, आवृत्ती १ ने विचारताय. आवृत्ती १ ला ६४ बिटांचे काउंटर माहीतच नाहीत, '२सी' किंवा ३ लागते. दोन, यंत्र फार जुनं किंवा फार स्वस्त आहे. अशा वेळी पोलिंग एका मिनिटावर आणा, म्हणजे मर्यादा पाचपट होऊन ५७२ एमबीपीएसच्या आसपास जाते.

कॅक्टायमध्ये ग्राफ बनवताना ६४ बिटांचा पर्याय यादीतून वेगळा निवडावा लागतो. यंत्राच्या पानावरची आवृत्ती बदलली म्हणून जुने ग्राफ आपोआप बदलत नाहीत. इथे मी अर्धा दिवस घालवला. एमआरटीजीमध्ये 'सीएफजीमेकर'ला (सेटिंगची फाइल बनवणारी आज्ञा) आवृत्ती २ ने चालवून फाइल नव्याने काढणं सोपं.

१०० एमबीपीएसच्या लाइनवर हा प्रश्न येत नाही, पण लाइन वाढवली की येतो. सहा महिने नीट चाललेला ग्राफ 'नवी लाइन घेतल्यापासून' बिघडला, असं कोणी सांगितलं की मी सगळ्यात आधी हेच बघतो.

५. आभाळाला टेकलेला सुळका

पाऊस सुरू झाला की वीज ये-जा करते. राउटर बंद पडून पुन्हा उठतो आणि काउंटर शून्यापासून सुरू होतात. सॉफ्टवेअरला नवं रीडिंग लहान दिसतं. त्याला वाटतं मीटर उलटला, म्हणून ते एक फेरी मिळवून टाकतं. घरचा मीटर बदलल्यावर लाखाचं बिल यावं, तसा प्रकार.

३२ बिटांचा असताना सुळका ११४ च्या आतच राहतो. ६४ बिटांचा असताना मात्र आकडा ४९० पेटाबिटपर्यंत जाऊ शकतो. अंबडच्या एखाद्या कारखान्याची लाइन पेटाबिट दाखवायला लागली की साहेबांना समजावता समजावता घाम फुटतो.

यावर दोन इलाज. पहिला, कमाल मर्यादा घाला. आरआरडी फाइलमध्ये प्रत्येक आकड्याला 'मॅक्स' असतो, त्याच्या वरचं मूल्य ती फेकून देते. तो बाइटमध्ये द्यायचा: १०० एमबीपीएसला १,२५,००,०००, १ जीबीपीएसला १२,५०,००,०००. एमआरटीजीत हेच 'मॅक्सबाइट्स'. पण लाइन वाढवल्यावर मॅक्स वाढवायला विसरलात तर उलटा घोळ होतो. गर्दीच्या वेळेचे खरे आकडे फेकले जातात आणि तिथे भोकं पडतात. 'आरआरडीटूल ट्यून'ने मॅक्स बदलता येतो.

दुसरा, ६४ बिटांचे काउंटर असतील तर प्रकार 'डिराइव्ह' ठेवा आणि किमान मर्यादा शून्य द्या. मग आकडा मागे गेला की ते रीडिंग सरळ रद्द होतं, सुळका येत नाही. मी आता नव्या फायली अशाच बनवतो. ३२ बिटांसाठी हे करू नका, प्रत्येक उलटण्याला भोक पडेल.

६. कोरा किंवा तुटका ग्राफ

हाताने रीडिंग येतंय आणि तरी ग्राफ कोरा आहे, तर चार गोष्टी याच क्रमाने बघा.

पोलर चालतोय का? क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारी लिनक्सची सोय) नोंद आहे का, आणि एकच आहे का. जुन्या माणसाने एक टाकलेली असते, नवा दुसरी टाकतो, आणि दोन पोलर एकमेकांच्या पायात येतात.

फाइलला हक्क आहेत का? 'बघू तरी' म्हणून मी एकदा कॅक्टायचा पोलर रूटच्या (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) नावाने हाताने चालवला. नव्या फायली रूटच्या मालकीच्या झाल्या आणि रोजच्या पोलरला त्यांत लिहिताच येईना. मी पाठ फिरवली आणि ग्राफ बंद. पोलर नेहमी त्याच्याच वापरकर्त्याच्या नावाने चालवा.

'हार्टबीट' पुरेसा आहे का? इतक्या सेकंदांत रीडिंग आलं नाही तर 'माहीत नाही' लिहा, अशी ती मर्यादा. पाच मिनिटांच्या पोलिंगला ६०० ठेवतात. पोलिंग दहा मिनिटांवर नेलं आणि हार्टबीट मुळातच ३०० ठेवलेला असेल तर ग्राफ कायमचा कोरा राहील. पोलिंग पाचावरून एका मिनिटावर आणलंत तरी जुन्या फाइलची पाच मिनिटांची 'स्टेप' (दोन नोंदींमधलं अंतर) बदलत नाही, फाइल नव्याने बनवावी लागते.

घड्याळ बरोबर आहे का? सर्व्हरचं घड्याळ पुढे गेलं आणि नंतर कोणी दुरुस्त केलं, तर आरआरडीटूल म्हणतो मागच्या नोंदीच्या आधीची वेळ मी घेणार नाही. घड्याळ जितकं पुढे होतं तितका वेळ ग्राफ थांबतो. एनटीपी (घड्याळ आपोआप बरोबर ठेवणारी सेवा) लावून ठेवा.

एमआरटीजी नुकताच टाकला असेल तर पहिल्या दोन वेळी तो जुन्या लॉग फायली सापडत नाहीत म्हणून कुरकुर करतो. तिसऱ्यांदा गप्प होतो. आणि युनिकोडच्या सेटिंगमध्ये चालायलाच नकार दिला, तर आज्ञेच्या आधी 'लँग=सी' लावा.

७. पोर्टाचा क्रमांक सरकला

पायरी ३ मध्ये टिपलेला क्रमांक कायमचा नसतो. राउटर रीस्टार्ट झाला, नवं कार्ड बसवलं, की काही यंत्रं क्रमांक नव्याने वाटतात. काल १० वर मुख्य लाइन होती, आज तिथे कॅमेऱ्यांचा पोर्ट. ग्राफ चालूच राहतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात यायचं ते महिन्याच्या रिपोर्टमध्ये.

सिस्कोवर 'एसएनएमपी-सर्व्हर इफइंडेक्स पर्सिस्ट' ही ओळ टाकली की क्रमांक टिकतात. एमआरटीजीच्या सीएफजीमेकरला क्रमांकाऐवजी नाव धरायला सांगता येतं. पोर्टांना वर्णन द्या, 'मुख्य लाइन' इतकं पुरे.

८. आकडा पटत नाही

इथे बहुतेक वेळा कोणीच चुकलेलं नसतं.

बरोबर आठपट फरक म्हणजे एक बाइट दाखवतोय, दुसरा बिट. एमआरटीजी मुळात बाइट दाखवतो, 'बिट्स' हा पर्याय लावावा लागतो. तो वेळही उलटी काढतो, ताजं डावीकडे. सवय नसेल तर 'ग्रोराइट' लावा.

आत आणि बाहेर नेहमी यंत्राच्या बाजूने असतं. इंटरनेटच्या लाइनच्या पोर्टवर 'आत' म्हणजे डाउनलोड. त्याच राउटरच्या ग्राहकांकडच्या पोर्टवर 'बाहेर' म्हणजे डाउनलोड.

स्पीड टेस्टमध्ये ९५ आले आणि ग्राफवर १२ दिसतात? टेस्ट अर्धा मिनिट चालली, ग्राफ पाच मिनिटांची सरासरी दाखवतो. तसंच दिवसाचा ग्राफ पाच मिनिटांचा, आठवड्याचा अर्ध्या तासाचा, महिन्याचा दोन तासांचा आणि वर्षाचा पूर्ण दिवसाचा असतो. त्यामुळे सोमवारचा ९० चा शेंडा वर्षाच्या ग्राफमध्ये ३० होऊन बसतो. शेंडे जपायचे असतील तर सरासरीबरोबर कमाल मूल्यंही साठवा. हे फाइल बनवतानाच ठरतं.

ब्रिजचा (अनेक पोर्ट एकत्र जोडून केलेला गट) ग्राफ शून्याजवळ आणि त्यातले पोर्ट भरून वाहताहेत, असं दिसलं तर तो ट्रॅफिक स्विचच्या चिपमधूनच परस्पर जातोय, ब्रिजच्या मोजणीत येत नाहीये. पोर्टांचेच ग्राफ काढा.

९. जुनी घाण काढायची असेल तर

सेटिंग दुरुस्त केल्याने जुने सुळके जात नाहीत. आधी पोलर थांबवा आणि फाइलची प्रत घ्या. मग ट्यूनने योग्य मॅक्स घाला, 'आरआरडीटूल डंप'ने फाइल मजकुरात उतरवा आणि 'रिस्टोअर' करताना मर्यादा तपासण्याचा 'आर' पर्याय लावा. मर्यादेबाहेरचं सगळं 'माहीत नाही' होऊन जातं. नवी फाइल जागेवर ठेवल्यावर तिची मालकी पोलरच्या वापरकर्त्याला द्यायला विसरू नका, नाहीतर पुन्हा पायरी ६.

उलटलेल्या काउंटरचे खड्डे मात्र असे भरता येत नाहीत, कारण त्या फेऱ्या कुठे लिहिल्याच गेलेल्या नाहीत. आमच्या संध्याकाळचे ते साडेपाच मी तसेच राहू दिले. वर्षाच्या ग्राफवर ते फिकट खळग्यांसारखे दिसत राहिले, आणि फाइल जितक्या मागचे आकडे ठेवते ती हद्द ओलांडली तेव्हा आपसूक गेले.